पहिलं लोकांचं, मग आपलं

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आमच्या लाँड्रीतल्या बायका म्हणतात, बॉयलर तापायला अर्धा तास लागतो, हिला अर्धं मिनिट पुरतं. म्हणू देत. पण ज्या रागाबद्दल मी सांगतेय तो येऊन दीड वर्ष झालं आणि अजून उतरलेला नाही. उतरू नये अशीच माझी इच्छा आहे.

ही हकीकत माझ्या सासूची. तिला मी आत्या म्हणते आणि अगं-तुगं करते, कारण सासू व्हायच्या आधी ती माझी वरिष्ठ होती. हॉस्पिटलच्या लाँड्रीत सगळ्या तिला डाग-आत्या म्हणायच्या. मी तिथे लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तिने मला काम शिकवलं, तीन वर्षं पारखलं आणि मग स्वतःच्या मुलासाठी मागणी घातली. "पोरगी तोंडाळ आहे, पण कापड उलटून बघते," असं म्हणाली. माझ्याबद्दल एवढं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही.

आमची लाँड्री तळघरात. एका बाजूला तीन मोठी मशिनं, दुसऱ्या बाजूला दगडी हौद, मध्ये पत्र्याचं लांब टेबल. वरून खाली आलेली प्रत्येक चादर आधी त्या टेबलावर पसरायची आणि तिचे तीन ढीग करायचे. थेंब, फवारा आणि भिज. थेंब म्हणजे वरून टपकलेलं, गोल. फवारा म्हणजे जोराने उडालेलं, बारीक बारीक ठिपके, त्यांना शेपट्या असतात. शेपटी जिकडे, रक्त तिकडे निघालेलं. आणि भिज म्हणजे जखम कापडाला टेकून राहिली आणि कापड सावकाश पीत गेलं. फवारा वरवर बसतो, तासाभरात निघतो. भिज मात्र मागच्या बाजूने, थंड पाण्यात मीठ घालून, धीराने काढावी लागते. गरम पाणी घातलंत की संपलं, रक्त शिजतं आणि कापडाचंच होऊन बसतं.

आत्या नव्या मुलीला टेबलाशी उभी करायची आणि एकच प्रश्न विचारायची, "कुठून आलं?" म्हणजे रक्त कुठल्या बाजूने आलं ते सांग, मगच हात लाव. ती स्वतः चादर बघून सांगायची की पेशंट उजव्या कुशीवर होता, रक्ताची बाटली पडली ती पायाशी, आणि वॉर्डबॉयने ती पुसायचा आळस केला. एकदा एका मोठ्या सर्जनचा गाऊन बघून तिने निरोप पाठवला, "डॉक्टरसाहेब डावखुरे दिसतात." साहेब स्वतः जिना उतरून खाली आले, ही कोण बया ते बघायला.

आणखी एक नियम होता. पहिलं लोकांचं, मग आपलं. काम करताना आपल्या अंगावर रक्त उडालं, ॲप्रन भिजला, तरी आधी आलेलं कापड पाण्यात टाकायचं. आपलं कापड सगळ्यात शेवटी. हा नियम तिने कुठून आणला, हे आम्ही कधी विचारलं नाही. घरच्या रिवाजासारखा होता, पाळत आलो.

तिच्या माहेराबद्दलही असंच. "आई तापाने गेली, मामांनी वाढवलं," एवढंच तिने मला सांगितलं होतं. पुढचं विचारलं की तोंडाला कुलूप. आणि जुन्या बाजारामागच्या एका गल्लीतून ती कधी जायची नाही. बस तिथून वळली की डोळे मिटून बसायची. मला वाटायचं, बसचं वळण लागत असेल.

दीड वर्षापूर्वी बॉयलर फुटला. तीन दिवस लाँड्री बंद. आमच्या मुकादमाला उत्साह आला, म्हणाला, चला सगळ्या, म्युझियम दाखवतो. त्या गल्लीतल्या एका मोठ्या घराचं म्युझियम केलंय आणि त्यात 'खुनाची खोली' आहे. लोक लांबून बघायला येतात. आत्या रिटायर होऊन नऊ वर्षं झालेली, पण ती नसली तर सहल कसली? ती नाही म्हणाली. मी हट्ट धरला. तिच्या हाताला धरून नेलं. ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

खोली लहान होती. एक पलंग, एका चौथऱ्यावर कोळशाची जड इस्त्री, पलंगाच्या उशाची भिंत काचेने झाकलेली. काचेमागे चुन्यावर तपकिरी ठिपके, शेकड्याने. शेजारच्या काचेच्या पेटीत फळीवर ताणून लावलेला एक पांढरा, छातीपासून गुडघ्यापर्यंतचा जाड ॲप्रन. त्याखाली पाटी: 'खुनी धुणेवालीचा ॲप्रन. हा अंगात असताना तिने मालकिणीच्या डोक्यावर इस्त्रीचे पाच घाव घातले.'

तिथला गाइड पोपटासारखा बोलत होता. एकसष्ट वर्षांपूर्वीची दुपार, घरात म्हातारी मालकीण, तिचा धाकटा मुलगा आणि ही धुणेवाली. बोलणी खाल्ली म्हणून बाईने सूड घेतला. "बघा, बघा, रक्ताने कसा माखलाय!" तो म्हणाला. आमच्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. रोज रक्त धुणाऱ्या बायका, पण सहलीला आल्या होत्या ना!

आत्या पेटीपाशी वाकून उभी होती, नाक काचेला टेकवून. मला वाटलं, दिसत नसेल. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही गं. तू सांग. कुठून आलं?"

मी हसलेच. म्हटलं, रिटायर झाली तरी परीक्षा घेतेय. पण बघितलं. सवयच ती.

"भिज आहे," मी म्हणाले. "सगळं मांडीवर. कडा पसरलेल्या आहेत, सावकाश प्यायलंय. मध्ये कोऱ्या पट्ट्या राहिल्यात, म्हणजे कापडाला चुण्या होत्या. ही बाई खाली बसलेली होती."

"छातीवर?"

"बोटं ओढल्याचा माग आहे, चार बोटं, खाली घसरलेली. कुणीतरी हिला धरलं होतं."

"ठिपके?"

मी बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, खांद्याचे पट्टे बघितले. "एकही नाही."

"आणि भिंतीवर?"

"फवारा," मी म्हणाले, आणि माझं हसणं तिथेच थांबलं.

एकदा जखम झाली आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा मारलं तर रक्त उडतं. भिंत कशी भरली होती ते समोर दिसत होतं. भिंतीवर एवढं उडालं, आणि समोर उभं राहून पाच घाव घालणाऱ्या बाईच्या छातीवर एक ठिपका नाही? आमच्याकडची आठवड्यापूर्वी लागलेली पोरसुद्धा सांगेल की हा ॲप्रन मारणारीचा नाही. हा जखमी माणसाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचा आहे.

आत्याने गाइडला विचारलं, "मारताना तिच्या अंगात हाच होता? नक्की?"

"हो आजी! कोर्टात सिद्ध झालंय."

आत्या माझं मनगट घट्ट पकडून म्हणाली, "ती माझी आई होती."

बाहेर बाकावर बसवून मी तिला पाणी पाजलं. तेव्हा ती बोलली. एकसष्ट वर्षांचं सगळं, अर्ध्या तासात. ती नऊ वर्षांची होती. आईला जन्मठेप झाली. शाळेत पोरं हिला 'इस्त्री' म्हणून हाक मारायची. मामांनी गाव बदललं (इथे ती परत आली ती लग्न होऊनच) आणि सांगितलं, आजपासून तुझी आई तापाने गेली. ही सतरा वर्षांची असताना तुरुंगातून निरोप आला, बाई आजारी आहे, लेकीला एकदा दाखवा म्हणते.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मला आई नाही. आठ दिवसांनी गेली ती."

मी उरलेलं पाणी तिच्या हातात दिलं.

निघताना मी तिकीट खिडकीवरून त्या खुनाची पुस्तिका घेतली. कोर्टातले जबाब त्यात छापलेत, लोकांची करमणूक म्हणून. घरी येऊन मी ते आत्याला वाचून दाखवले. तिच्या आईने कोर्टात सांगितलं होतं: आवाज ऐकून मी धावत गेले, बाईसाहेब पलंगाशेजारी जमिनीवर पडल्या होत्या, मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, त्यांनी मला धरलं, थोड्या वेळाने त्या गेल्या. मग धाकट्या मालकांनी अंगातला शर्ट काढून दिला, म्हणाले, आईला उचलताना रक्त लागलं, धुऊन टाक. मी थंड पाण्यात टाकला.

वकिलाने विचारलं, "घरात खून झालाय आणि तू धुणं धुत बसलीस?" पुढे कंसात छापलंय, 'कोर्टात हशा'.

हसले! अहो, ज्या बाईने पंधरा वर्षं दुसरं काही केलं नाही, तिच्या हातात रक्ताचं कापड दिलं तर ती काय करेल? डोकं बधिर झालं तरी हात जातात पाण्याकडे. माझेही जातील. माझ्या नवऱ्याने एकदा बोट कापून घेतलं तर मी आधी त्याचा रुमाल भिजत घातला होता आणि मग त्याच्याकडे बघितलं होतं. तो अजून तोंड सुजवून सांगतो सगळ्यांना. त्या बाईने खऱ्या खुन्याचा पुरावा स्वतःच्या हाताने, मीठ घालून, स्वच्छ करून दिला. आणि कोर्टाने तो शर्ट धुतल्याबद्दलही तिलाच दोष लावला. पुरावा नष्ट केला म्हणे!

वकिलाचा शेवटचा प्रश्न: "मालकाचा शर्ट धुतलास, मग स्वतःचा ॲप्रन का नाही धुतलास?"

आणि तिचं उत्तर: "पहिलं लोकांचं, मग आपलं."

'आरोपीने उर्मट उत्तर दिले,' असं न्यायाधीशांनी लिहून ठेवलंय.

मी वाचायची थांबले. आत्या भिंतीकडे बघत होती. तो नियम तिच्या आईचा होता. जिला आई म्हणायचं सोडून दिलं त्या बाईचा नियम तिने चाळीस वर्षं आम्हा सगळ्यांकडून पाळून घेतला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकलंय. पण त्या संन्याशाचे कपडे साठ वर्षं काचेच्या पेटीत टांगून तिकीट लावलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना आई, सगळी माणसं गेली. आता कशाला उकरायचं?" मी त्याला म्हटलं, तुमची आजी आहे ती, तिला तिथे खुनी म्हणून लटकवलंय, आणि तुम्ही जाऊ दे म्हणता? पण दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून आमच्याबरोबर म्युझियमला आला, हेही खरं.

म्युझियमचे साहेब गोड माणूस. चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण याला तज्ज्ञ लागतो हो."

"ही चाळीस वर्षं रक्त वाचतेय," मी म्हणाले. "तुमच्या तज्ज्ञाने किती चादरी बघितल्या?"

आत्याने माझ्या पायावर पाय दिला. ती म्हणाली, "आणा तज्ज्ञ. आम्ही थांबतो."

आम्ही सात महिने थांबलो. मी दर सोमवारी फोन करायचे. तिकडे माझा आवाज ओळखीचा झाला होता, मी 'हॅलो' म्हटलं की ते लोक फोन ठेवायचे. शेवटी पोलिसांच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेल्या एक बाई आल्या. त्यांनी ॲप्रन पेटीतून बाहेर काढायला लावला, भिंग लावून दोन तास बघितला, उलटून बघितला. उलटून बघितला तेव्हाच मला बाई आवडली. मग त्या आत्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही काय वाचलंत?" आत्याने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. त्यांचा अहवाल अडीच पानांचा आला, पण त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'हा ॲप्रन घातलेली व्यक्ती जखमीचे डोके मांडीवर घेऊन बराच वेळ बसली होती; हा ॲप्रन घालून घाव घातले गेले, असे मानण्यास या कापडावर कोणताही आधार नाही.' खून कुणी केला ते कापडावरून सांगता येत नाही, असंही त्यांनी लिहिलं. बरोबर आहे. ज्या कापडाने ते सांगितलं असतं ते धुतलं गेलं.

मला वाटलं, झालं, आता पाटी बदलणार.

साहेबांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा चहा. या वेळी बिस्किटंही. त्यांच्या मागे भिंतीवर धाकट्या मालकांची मोठी तसबीर होती, कारण ते घर म्युझियमला त्यांच्याच घराण्याने दिलं आणि आजही कारभार त्यांच्या नातवाकडे आहे. साहेब म्हणाले, "आम्ही एक मार्ग काढलाय. पाटीचा विषय नाजूक आहे. पण ॲप्रन आम्ही प्रदर्शनातून काढतो आणि तुम्हाला देऊन टाकतो. तुमच्या आईची आठवण आहे, तुमच्या घरी असू दे. विषय संपला."

आणि खरंच त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. कागदात गुंडाळलेला ॲप्रन. आत्याने कागद उलगडला आणि त्यावर हात ठेवला. आईची एकही वस्तू तिच्याकडे नव्हती. एक फोटो नाही, बांगडी नाही. तिचा हात त्या चार बोटांच्या मागावरून फिरत होता आणि मी मनात म्हणत होते, घे बाई, घे आणि चल, ही माणसं सुधारणार नाहीत. मला तिने तो घ्यावा असंच वाटत होतं. मी रागीट आहे, पण मीही दमले होते.

आत्याने ॲप्रनची घडी घातली. चारही कोपरे जुळवून, लाँड्रीत घालायची तशी. आणि ती घडी साहेबांच्या पुढे सरकवली.

"हा मी घरी नेला," ती म्हणाली, "तर उद्या तुमचा गाइड नुसती भिंत दाखवून माझ्या आईचं नाव घेईल. आणि तिच्या बाजूने बोलायला खोलीत कोणी नसेल. हा इथेच राहणार. पेटीत लावा परत. आणि पाटी बदला."

"आजी, ते माझ्या हातात—"

"मग ज्याच्या हातात आहे त्याला बोलवा!"

चोवीस वर्षांत मी आत्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. कपातला चहा हलला. साहेबांनी तसबिरीकडे बघितलं, जसं काही तीच खाली उतरून उत्तर देणार होती.

त्याच संध्याकाळी मी तो अहवाल पेपरवाल्यांकडे घेऊन गेले. आतल्या पानावर चार ओळी छापून आल्या. तेवढ्याने ॲप्रन पेटीत परत आला. पाटीही बदलली. आता लिहिलंय, 'आरोपी धुणेवालीचा ॲप्रन. यावरील डागांबाबत मतभेद आहेत.' मतभेद! कुणाचे कुणाशी? उद्या म्हणतील, पाणी ओलं असतं याबाबतही मतभेद आहेत. मी ती पाटी उखडायलाच निघाले होते. नवऱ्याने मागून धरलं.

आत्याने मात्र आदळआपट केली नाही. ती दर शनिवारी सकाळी डबा घेऊन त्या खोलीत जाते आणि पेटीशेजारी स्टुलावर बसते. सुरुवातीला तिला उठवायचा प्रयत्न झाला. तिने तिकीट दाखवलं. आता तो गाइडच तिला स्टूल पुसून देतो आणि लोकांना आत आणून स्वतः गप्प उभा राहतो. आत्या उठते आणि लोकांना विचारते, "सांगा, कुठून आलं?" मग भिंत दाखवते, मांडीवरची भिज दाखवते, एकही ठिपका नसलेली छाती दाखवते. शाळेची पोरंसुद्धा दोन मिनिटांत बरोबर उत्तर देतात. कोर्टाला एक वर्ष लागलं होतं, तेही चुकीचं द्यायला.

मागच्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले होते. पंधरा-वीस माणसं होती. तिचं सांगून झालं, मला वाटलं आता ती बसेल. ती बसली नाही. म्हणाली, "ही निर्दोष बाई आठ वर्षं तुरुंगात होती. मरताना तिने लेकीला बोलावलं. लेक गेली नाही. ती लेक मी."

लोक निघून गेल्यावर मी तिच्यावर चिडले. म्हटलं, हे कशाला सांगतेस परक्यांना? चूक कोर्टाची आणि मामांची, त्यांनी नऊ वर्षांच्या पोरीला खोटं सांगितलं. तू का स्वतःला लावून घेतेस? तिने डबा उघडला, अर्धी पोळी मला दिली.

"पहिलं तिचं सांगितलं ना," ती म्हणाली. "मग आता माझं."